रूळ तुटायच्या आधी त्याचा आवाज येतो का? (वडील कीमन होते, म्हणून विचारतेय)

भिलवडीची लेक

नमस्कार. प्रश्न थोडा लांबण लावून विचारतेय, पण मागचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही.

माझे वडील, आबा, पुणे-मिरज लाइनवर कीमन होते. ३१ वर्षं. खांद्याला पिशवी, तीत पाना, लाल-हिरवे झेंडे आणि फटाक्यांची डबी, हातात लांब दांड्याचा हातोडा. नेमून दिलेला टापू रोज पायी चालायचा, सैल झालेल्या चाव्या ठोकून बसवायच्या, वेल्ड बघायचे, खडी बघायची.

मी सातवीत असतानाची गोष्ट. जानेवारी महिना, नदीकाठचं धुकं, दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. एका थर्मिट वेल्डपाशी (वितळलेलं पोलाद ओतून जोडलेल्या सांध्यापाशी), रुळाच्या तळाच्या पट्टीला, आबांना तांबूस ओली रेघ दिसली. केसाएवढी. त्यांनी गुडघे टेकून बोट फिरवलं, मग वेल्डच्या अलीकडे हातोडा मारला. ते सांगतात, चांगला रूळ 'ठण्ण' करून लांब जातो, तो आवाज चपलेतून पायाला लागतो. त्या दिवशी नुसतं 'ठप' झालं. त्यांनी तिथंच लाल झेंडा रोवला आणि गाडीच्या दिशेनं पळत सुटले. ६०० मीटरवर रुळावर एक फटाका (चाकाखाली फुटून चालकाला सावध करतो तो), पुढं १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. गाडी थांबली. कुणाला खरचटलंही नाही. नंतर साहेबांनी पाठ थोपटली, गावात पेढे वाटले.

पण आबांना आजही एकच गोष्ट खाते. आदल्या दिवशी त्याच वेल्डवरून ते चालत गेले होते. तेव्हा ती रेघ होती का? धुळीनं झाकली होती का? "असंल गं, माझ्या पायाखाली रोज वाढत असंल, मला काय कळणार?" असं म्हणतात आणि गप्प होतात.

मी आता सांगलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी हाच विषय घेतलाय: रुळात तडा वाढत असताना जो बारीक आवाज होतो, तो सेन्सरनं पकडायचा. आमच्या लॅबमध्ये रुळाचा मीटरभराचा जुना तुकडा आहे. त्याच्या वेबला, म्हणजे उभ्या भागाला, बझरमधल्या पितळी पिझो चकत्या (कंप झाला की वीज देणाऱ्या) चिकटवल्या. पेन्सिलचं शिसं रुळावर टेकवून मोडलं की ऑसिलोस्कोपवर झकास तरंग उमटतो. मग उत्साहाच्या भरात फाटकाबाहेर उभी राहून मोबाईलवर गाडीचा आवाज रेकॉर्ड केला आणि घरी येऊन तासभर बघितला. नुसता गदारोळ. त्यात तडा तर सोडाच, वेल्डवरून चाक गेलं तेसुद्धा वेगळं काढता येईना.

तर विचारायचं हे की, अकरा टनांचं चाक डोक्यावरून जात असताना तड्याचा आवाज खरंच वेगळा काढता येतो का? आणि येत असेल तर सेन्सर किती अंतरावर लावायचे? पुण्यापासून मिरजेपर्यंत लावायचे म्हटले तर किती लागतील, हा हिशेबही मला मांडायचाय.

निवृत्त पीवे, मिरज

पोरी, आधी तुझ्या वडिलांना माझा नमस्कार सांग. मी पी-वेमध्ये, म्हणजे रेल्वेच्या रूळमार्ग सांभाळणाऱ्या खात्यात होतो, त्यातली बरीच वर्षं अल्ट्रासोनिकच्या ट्रॉलीमागं चालण्यात गेली. तुझ्या वडिलांसारख्या माणसांच्या जिवावर आम्ही रात्री झोपलो.

जानेवारीच का, हे आधी समजून घे, कारण तुझा सेन्सर कधी ऐकणार हे त्यावर ठरेल. पूर्वी रूळ १३ मीटरचे, दोहोंमध्ये फट, गाडी 'खडक-खट' करत जायची. आता वेल्ड करून अखंड लांब रूळ असतो. त्याला उन्हाळ्यात पसरता येत नाही आणि थंडीत आकसता येत नाही, स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. समज, ४० अंशांना तो ताणरहित बसवला आणि पहाटे तो १३ अंशांवर आला. २७ अंशांचा फरक. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळाला दर अंशाला पावणेदोन-दोन टन ओढ बसते. म्हणजे गाडी नसतानाही एकेका रुळात ५० टनांच्या आसपास ओढ. तडा असला की ही ओढ त्याचं तोंड उघडं ठेवते, आणि वरून पहाटेची गाडी येते. म्हणून आमची हिवाळ्याची रात्रीची गस्त असते, फ्रॅक्चर बहुतेक तेव्हाच होतात.

आता सध्याची पद्धत. अल्ट्रासोनिकच्या ट्रॉलीला प्रोब असतात, एक सरळ खाली बघणारा, काही ७० अंशांत तिरके. ध्वनी रुळात जातो, आत तडा असला तर परत फिरतो. सापडलेल्या दोषाच्या तीव्रतेनुसार खूण होते. आयएमआर म्हणजे ताबडतोब काढायचा, वेग कमी करून तीन दिवसांत रूळ बदलायचा. ओबीएस म्हणजे नजर ठेवायचा, तिथं जॉगल्ड फिशप्लेट (वेल्डच्या दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या) क्लॅम्पनं आवळतात आणि कीमन रोज बघतो. वेबवर लाल रंगाची एक फुली दिसली तर ओबीएस, तीन दिसल्या तर आयएमआर. तुझ्या वडिलांना विचार, त्यांना अशा फुल्या पाठ असतील.

ही पद्धत चांगली आहे, पण तिच्या नजरेबाहेरच्या जागा आहेत. ट्रॉली रुळाच्या डोक्यावरून चालते, म्हणून डोकं आणि वेब चांगलं दिसतं. तळपट्टीच्या दोन्ही कडा दिसत नाहीत. थर्मिट वेल्डमध्ये तर वेबच्या खाली तळपट्टीत अर्धचंद्राच्या आकाराचा तडा पडतो, आम्ही त्याला हाफ-मूनच म्हणतो. त्यासाठी वेगळे प्रोब हातात धरून प्रत्येक वेल्ड तपासावा लागतो. वडिलांना जिथं रेघ दिसली ती जागा वाचून मला तोच आठवला. आणि दुसरं, आज तपासलं ते आजचं. पुढच्या तपासणीपर्यंत मधल्या काळात तड्यानं काय केलं हे ट्रॉलीला माहीत नसतं.

हातोड्याचंही खरं सांगतो. 'ठप' आवाज येतो तेव्हा रूळ जवळजवळ गेलेलाच असतो. अर्ध्यावर आलेला तडा हातोड्याला कळत नाही, कुणाच्याच कानाला कळत नाही. आदल्या दिवशी त्यांनी मारला असता तरी तो रूळ कदाचित 'ठण्ण'च बोलला असता. हे त्यांना माझ्या नावानं सांग.

आणि एक दम देऊन ठेवतो: फाटकाच्या आत पाय टाकायचा नाही. प्रयोग लॅबमध्येच. लाइनवर काही लावायचं तर डिव्हिजनची परवानगी लागते, आणि नवीन उपकरण असेल तर लखनौच्या आरडीएसओपर्यंत, म्हणजे रेल्वेच्या संशोधन संस्थेपर्यंत जावं लागतं.

एनडीटीवाला सातारकर

मी एनडीटीत आहे, म्हणजे वस्तू न तोडता तिची तपासणी. प्रेशर व्हेसलच्या (दाबाच्या टाक्यांच्या) तपासणीत हेच तंत्र रोज वापरतो, अकूस्टिक एमिशन, म्हणजे तड्याचा आवाज ऐकणं. रुळावर स्वतः केलेलं नाही, पण पोलाद तेच आहे.

सगळ्यात आधी मोबाईल बाजूला ठेवा. तो सेकंदाला ४८ हजार नमुने घेतो, म्हणजे २४ किलोहर्ट्झच्या वर ठार बहिरा. शिवाय तुम्ही हवेतला आवाज ऐकताय. तडा एका झटक्यात जरासा पुढं सरकला की पोलादातून जो तरंग सुटतो तो मायक्रोसेकंदांचा असतो आणि त्याची ताकद साधारण १०० ते ४०० किलोहर्ट्झमध्ये बघतात. तो हवेत येतच नाही म्हटलं तरी चालेल. चाकाची घरघर, मोटारीचा आवाज, खडीचा थरथराट यांचा मोठा भाग त्याच्या बराच खाली असतो. १०० किलोहर्ट्झच्या खालचं सगळं फिल्टरनं कापलं की निम्मी गर्दी जाते.

उरलेली निम्मी मात्र त्रास देते. चपटं झालेलं चाक आदळलं, ब्रेक घासला, चाकाची कड रुळाच्या कडेला वळणावर खरडली, की वरच्या पट्टीतही आवाज होतो. आणि खरी गंमत तड्याचीच आहे: तड्याचे दोन्ही ओठ एकमेकांवर घासले तरी आवाज येतो, तडा वाढला नाही तरी. वाढीचा आवाज कुठला आणि घासण्याचा कुठला, इथं माणूस अडकतो.

मी असं करेन. भार किती आहे तेही त्याच वेळी मोजायचं. रुळाला एक स्ट्रेन गेज (रूळ किती ताणला-दबला ते मोजणारी पट्टी) लावा. तळपट्टीतला तडा चाक बरोबर वर आलं की उघडतो, कारण तेव्हा खाली ओढ असते आणि डोकं दाबलं जातं. चाकाच्या थोडं पुढं-मागं रूळ उलटा वाकतो, तेव्हा तो मिटतो. ओढ शिखरावर असताना आलेला तरंग वाढीचा असण्याची शक्यता जास्त, तोंड मिटताना किंवा उघडायला लागताना आलेला बहुधा घासण्याचा. वरचे काका जे म्हणाले त्यात याला जोड मिळते. पहाटेच्या ५० टनांच्या ओढीत ओठ मुळातच एकमेकांपासून लांब झालेले असतात, घासणं कमी. म्हणून जानेवारीतल्या पहाटेच्या पहिल्या एक-दोन गाड्या नीट रेकॉर्ड करणं हे दुपारच्या दहा गाड्यांपेक्षा मोलाचं.

तुमच्या चकत्यांबद्दल. बझरची चकती मोकळी असते तेव्हा काही हजार हर्ट्झला किणकिणते. रुळाला चिकटवली की ते बंद होतं, पण तिचा आडवा कंप १०० किलोहर्ट्झच्या आसपास पकडतो, म्हणून शिसं मोडलेलं तुम्हाला दिसलं. शिकायला उत्तम, दाखला म्हणून चालणार नाही. शिसं मात्र दर वेळी तेच वापरा, ०.५ मि.मी., २एच, ३ मि.मी. बाहेर काढून, त्याच कोनात. सेन्सर नीट चिकटलाय का हे तपासायची जगभरची रीत तीच आहे.

अंतराच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. इतक्या वरच्या पट्टीतला तरंग रुळात फार लांब जात नाही, स्लीपर, रबर पॅड आणि वेल्ड त्याला पिऊन टाकतात. एका सेन्सरची हद्द मीटरांत मोजायची, किलोमीटरांत नाही. पुणे-मिरज अख्खी लाइन अशी ऐकायची तर हजारो सेन्सर लागतील, त्यांना वीज, त्यांची देखभाल. तो हिशेब मांडूच नका.

सिग्नलवाला

मग फायबर का नको? रुळाशेजारून ऑप्टिकल फायबर आधीच गेलेली आहे. ईशान्येत 'गजराज' यंत्रणेत तिच्यावरूनच हत्तीच्या पावलांची चाहूल घेतात. हत्ती कळतो तर तडा का कळू नये?

शिवाय एक गोष्ट ताईंच्या प्रोजेक्टमध्ये यायला हवी. ट्रॅक सर्किट (गाडी कुठं आहे ते कळायला रुळातूनच वाहणारी वीज) होतं तेव्हा रूळ पूर्ण तुटला की बहुतेक वेळा सर्किटही तुटायचं आणि सिग्नल लाल व्हायचा. अ‍ॅक्सल काउंटर, जो आता त्याच्या जागी येतोय, तो फक्त चाकं मोजतो, रूळ तुटला तरी त्याला पत्ता नसतो. त्यामुळे ही गरज कमी नाही, वाढतेय.

एनडीटीवाला सातारकर

सिग्नलवाले, दुसरा मुद्दा शंभर टक्के. फायबरचं असं आहे: तीत प्रकाशाचा झोत सोडायचा आणि परत आलेल्या मंद प्रकाशातून कंप ओळखायचा. ४० किलोमीटरची तार असेल तर झोत जाऊन यायला ०.४ मिलिसेकंद लागतात, आधीचा परत आल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही. म्हणजे सेकंदाला २५००, म्हणजे १२५० हर्ट्झच्या वरचं ऐकायची सोयच नाही. हत्तीचं पाऊल, दरड, चपटं चाक, तुटलेल्या रुळावरचा ठोका, हे सगळं त्यात बसतं. १५० किलोहर्ट्झचा तड्याचा तरंग बसत नाही.

तिसरी जात आहे ती गाइडेड वेव्हची. तिथं वाट बघत बसत नाहीत, स्वतः कमी वारंवारितेचा अल्ट्रासाउंड रुळात सोडतात आणि पलीकडे पोहोचला का बघतात. नाही पोहोचला तर मध्ये रूळ तुटलाय. दक्षिण आफ्रिकेत सिशेन-सलडान्हा या लोहखनिजाच्या लाइनवर हे चालतं, आपल्याकडेही उत्तर रेल्वे आणि उत्तर मध्य रेल्वेवर प्रत्येकी २५ किलोमीटरवर चाचणीला घेतलं होतं. एका जोडीत किलोमीटरभराहून जास्त रूळ येतो. पण ते मुख्यतः तुटलेला रूळ सांगतं. तुटत आलेला नाही.

म्हणून माझं मत: तुमच्या सेन्सरला अख्ख्या लाइनचा चौकीदार करू नका. काकांनी सांगितलेल्या एक फुलीच्या वेल्डवर त्याला बसवा. दोष कुठं आहे हे माहीत आहे, प्रश्न एवढाच आहे की तो निजलेला आहे की चालतोय. ते ट्रॉलीला सांगता येत नाही, ऐकणाऱ्याला येतं. वेल्डच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मीटरवर एकेक सेन्सर. तरंगाचा वेग सेकंदाला सुमारे ३००० मीटर धरला तर वेल्डमधला आवाज दोन्हीकडे एकाच वेळी पोहोचेल. ०.४ मिलिसेकंदाचा फरक आला तर तो मध्यापासून ६० सेंटिमीटर सरकलेल्या जागेचा आहे, वेल्डचा नाही, टाकून द्या. एवढ्यानं चाकांची बरीच कटकट आपोआप गळते.

तंतुवाद्यवाला, मिरज

रेल्वेतलं मला काही कळत नाही, आमचं घराणं तंबोऱ्यांचं. पण तुमच्या वडिलांचं 'ठण्ण' आणि 'ठप' वाचून राहवलं नाही. भोपळा निवडताना आम्ही तो टिचकी मारून ऐकतो. बारीक चीर असली तरी तो वाजतो, पण वाजणं लवकर मिटतं आणि शेवटी झर्र असं काहीतरी मिसळतं. एकट्या भोपळ्यावरून ते सांगता येत नाही. महिनाभरापूर्वी हाच भोपळा कसा बोलला होता ते कानात असावं लागतं. तुमच्या यंत्राला प्रत्येक वेल्डचा आधीचा आवाज लक्षात ठेवायला लावा.

निवृत्त पीवे, मिरज

तंबोरेवाल्यांचं अगदी खरं.

सातारकरांच्या ओबीएस वेल्डच्या सूचनेलाही माझी सही. आदर्की-वाठारच्या बाजूला वळणं आणि चढ, तिथं बाहेरच्या रुळाचं डोकं आणि आतली कड घासते, त्यावर माशाच्या खवल्यांसारखे बारीक तडे येतात. पुलांच्या तोंडाशी भरावाचा मऊपणा संपून पुलाचा कडकपणा सुरू होतो, तिथं रुळाला जास्त मार. सांध्यांचे काटे. अशा जागा आम्हाला पाठ असतात. सुरुवात तिथून.

फक्त एक सांगतो, आणि हे मनापासून सांगतो. १७ ऑक्टोबर २००० ला इंग्लंडमध्ये हॅटफिल्डला असाच कडेच्या तड्यांचा रूळ गाडीखाली फुटला, ३०० वर तुकडे झाले, चार माणसं गेली. ते तडे कुणाला माहीत नव्हते असं नाही. रूळ बदलायचं ठरलंही होतं, बदलला मात्र गेला नव्हता. तेव्हा तुझ्या यंत्रानं रात्री दोन वाजता 'वेल्ड चालतोय' म्हटलं तर तो निरोप कुणाच्या फोनवर जाणार, तो माणूस गाडी थांबवू शकतो का, हेही रिपोर्टमध्ये लिही. परीक्षकानं विचारलं नाही तरी लिही.

भिलवडीची लेक

सगळ्यांचे आभार. रात्री जेवणं झाल्यावर आबांना एकेक उत्तर वाचून दाखवलं. काकांचं "आदल्या दिवशी रूळ 'ठण्ण'च बोलला असता" हे त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आई म्हणाली, बसू दे जरा.

हजारो सेन्सरचा हिशेब फाडून टाकला. आता असं ठरवलंय: अख्खा रूळ वाकवायचं यंत्र आमच्याकडे नाही, पण सरांनी रुळाच्या जुन्या तुकड्यातून पट्ट्या कापून द्यायचं कबूल केलंय. एका कडेला खाच करून पट्टी यंत्रावर पुन्हा पुन्हा वाकवायची, तडा सूक्ष्मदर्शकातून मोजत जायचा आणि भारासोबत आवाज नोंदवायचा. सातारकर सर, पट्टी जिथं पकडीत धरतात तिथलाच आवाज जास्त येईल अशी भीती वाटतेय. काय करू?

आबांचाही एक प्रश्न आहे. "पाऊस पडताना त्या सेन्सरला कायबी ऐकू येतंय का?"

एनडीटीवाला सातारकर

पकडीपाशी दोन्ही टोकांना एकेक जास्तीचा सेन्सर लावा. आवाज त्यांना आधी पोहोचला तर तो पकडीचा, नोंदच घ्यायची नाही. आम्ही त्यांना राखणदार म्हणतो. आणि खाच नसलेली एक पट्टी आधी दोन-तीन तास तशीच वाकवून बघा, म्हणजे यंत्राचा स्वतःचा आवाज किती ते कळेल.

आबांना सांगा, प्रश्न नेमका विचारलात. पावसाचा प्रत्येक थेंब रुळावर आपटून तसाच बारीक तरंग सोडतो. धो धो पावसात सेन्सर जवळजवळ आंधळा असतो. त्या वेळी चालणारा माणूसच लागतो.

भिलवडीची लेक

सांगितलं. आबा म्हणाले, "मग ठीक हाय." आणि पहिली पट्टी यंत्रावर चढेल त्या दिवशी ते लॅबमध्ये येणार आहेत, हातोडा घेऊन. रुळाच्या त्या जुन्या तुकड्याला आधी एकदा वाजवून बघायचंय म्हणे.